तत्क्षण संगणकीय चित्रणासाठी रे ट्रेसिंगची गतिवृद्धी : तत्त्वे व पद्धतींचे विवेचन

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीय दृश्य उमटविण्याच्या दोन प्रमुख पद्धती प्रचलित आहेत. रास्टरायझेशन या पद्धतीत दृश्यातील प्रत्येक त्रिकोण एकेक करून हाती घेतला जातो व तो पडद्यावरील कोणकोणते पिक्सेल व्यापतो हे ठरविले जाते. रे ट्रेसिंगमध्ये हा क्रम उलटा होतो. प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण दृश्यात सोडला जातो आणि तो सर्वप्रथम कोणत्या पृष्ठभागास छेदतो याचा शोध घेतला जातो. तेथून पुढे दिव्याच्या, आरशाच्या किंवा पाण्याच्या दिशेने नवे किरण निघतात. छाया, परावर्तन, अपवर्तन आणि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर पसरणारा अप्रत्यक्ष उजेड हे सर्व एकाच तत्त्वातून निष्पन्न होते. रास्टरायझेशनमध्ये यांपैकी प्रत्येकासाठी स्वतंत्र युक्ती योजावी लागते.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांचे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो. २४ लेण्यांच्या या समूहातील मोठ्या विहारांत प्रकाश केवळ दर्शनी बाजूने आत येतो. मागील भिंतीपर्यंत पोहोचणारा उजेड हा जमिनीवर, खांबांवर व छतावर अनेकदा आपटून आलेला असतो. असे दालन रास्टरायझेशनने दाखवायचे झाल्यास एकतर ते काळेकुट्ट दिसते, किंवा सर्वत्र सारखा खोटा उजेड मिसळावा लागतो. रे ट्रेसिंगने ते खरे दिसते, परंतु त्यासाठी वेळ लागतो. हा वेळ एका सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत खाली कसा आणता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ही प्रगती केवळ वेगवान यंत्रांमुळे झाली असा समज वर्गाध्यापनातही आढळतो. तो अपुरा आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

कामाचा आवाका

किरणांच्या साहाय्याने दृश्य रेखाटण्याची कल्पना आर्थर ॲपेल यांनी १९६८ मध्ये मांडली. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये परावर्तन व अपवर्तनाचे किरण पुनःपुन्हा सोडण्याची रीत प्रसिद्ध केली. काचेचा व आरशाचा असे दोन गोल असलेल्या त्यांच्या गाजलेल्या चित्रास व्हॅक्स-११/७८० या संगणकावर ७४ मिनिटे लागली. त्याच लेखातील आणखी एक निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. साध्या दृश्यात एकूण वेळेपैकी सुमारे ७५ टक्के, तर गुंतागुंतीच्या दृश्यात ९५ टक्क्यांहून अधिक वेळ केवळ किरण व वस्तू यांचे छेद शोधण्यात जात होता. पुढील चार दशकांच्या संशोधनाची दिशा या एका आकड्याने निश्चित केली, असे म्हणता येईल.

आजच्या सामान्य पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. दृश्यात १० लाख त्रिकोण आहेत आणि प्रत्येक किरण प्रत्येक त्रिकोणाशी पडताळून पाहिला, तर एका फ्रेमसाठी २ लाख कोटींहून अधिक पडताळण्या कराव्या लागतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर सुमारे १२४ लाख कोटी. हा हिशेब पिक्सेलमागे एकाच किरणाचा आहे. छाया व परावर्तन अद्याप मोजलेले नाही. यंत्राचा वेग दुप्पट किंवा चौपट झाल्याने अशा संख्येपुढे काही साधत नाही. पडताळण्याच टाळणे हा एकमेव मार्ग उरतो.

वेष्टनांची उतरंड

एखाद्या शेतजमिनीचा सातबारा शोधताना राज्यातील सर्व उतारे कोणी चाळत नाही. प्रथम जिल्हा, मग नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांपैकी समजा निफाड, मग गाव आणि शेवटी गट क्रमांक पाहिला जातो. तालुका चुकीचा आहे हे कळताच त्यातील सर्व गावे एका झटक्यात बाद होतात. रे ट्रेसिंगमध्ये वापरली जाणारी बाउंडिंग व्हॉल्यूम हायरार्की, म्हणजेच वेष्टनांची उतरंड, नेमकी याच तत्त्वावर चालते. जवळजवळच्या त्रिकोणांना एका चौकोनी पेटीत बसविले जाते, अशा दोन पेट्या एका मोठ्या पेटीत, आणि याप्रमाणे अखेरीस संपूर्ण दृश्य एका पेटीत सामावते. किरण मोठ्या पेटीस स्पर्शच करीत नसेल, तर आतील सर्व त्रिकोणांचा विचार संपतो. १० लाख त्रिकोणांची समतोल उतरंड सुमारे २० पायऱ्यांची होते, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६ आहे.

ही तुलना एका ठिकाणी मात्र लंगडी पडते. दोन तालुक्यांच्या सीमा परस्परांत शिरत नाहीत, वेष्टनपेट्या शिरतात. त्यामुळे किरणाला अनेकदा दोन्ही फांद्यांत उतरावे लागते आणि प्रत्यक्ष भेट दिलेल्या पेट्यांची संख्या २० पेक्षा बरीच अधिक होते. तरीही लाखो पडताळण्यांच्या जागी काही डझन पडताळण्या येतात.

पेटी व किरण यांचा छेद तपासण्याची सोपी रीत टिमोथी के व जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडली. पेटीला समांतर प्रतलांच्या तीन जोड्या मानावे आणि प्रत्येक जोडीत किरण केव्हा शिरतो व केव्हा बाहेर पडतो हे काढावे. तीन प्रवेशांपैकी सर्वांत उशिराचा प्रवेश तीन निर्गमांपैकी सर्वांत आधीच्या निर्गमापूर्वी होत असेल, तरच किरण पेटीतून जातो. एवढ्यासाठी काही गुणाकार, वजाबाक्या व तुलना पुरतात. जवळची पेटी आधी तपासली आणि तेथे छेद सापडला, तर त्यापलीकडील पेट्या उघडण्याचे कारण उरत नाही. छायेच्या किरणाचे काम तर आणखी हलके असते. दिव्याच्या वाटेत काहीतरी आडवे आले एवढेच त्याला हवे असते. ते सर्वांत जवळचे आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते, म्हणून पहिल्याच छेदावर शोध थांबविता येतो. विद्यार्थ्यांच्या आज्ञावलींत हा भेद पुष्कळदा सुटतो आणि निष्कारण वेळ जातो.

पेटी कोठे विभागावी

उतरंड रचताना प्रत्येक पेटीचे दोन भाग कोठे करावेत, हा या विषयातील सर्वांत मनोवेधक प्रश्न होय. जेफ्री गोल्डस्मिथ व जॉन सॅल्मन यांनी १९८७ मध्ये, आणि मॅकडोनाल्ड व बूथ यांनी १९९० मध्ये, त्याचे उत्तर भूमितीय संभाव्यतेतून दिले. बहिर्वक्र पेटीतून जाणारा यादृच्छिक किरण तिच्या आतील लहान बहिर्वक्र पेटीसही छेदण्याची संभाव्यता दोन्हींच्या पृष्ठफळांच्या गुणोत्तराइतकी असते. येथे घनफळाचा संबंध नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एका उदाहरणाने याचे महत्त्व ध्यानात येते. एक लांबट दालन घ्यावे : लांबी २, रुंदी १, उंची १ एकक. त्याचे पृष्ठफळ १० होते. आत १००० त्रिकोण आहेत. त्यांपैकी ९०० एका टोकाच्या ०.२ एकक लांबीच्या शिल्पपटात दाटलेले असून उरलेले १०० विरळ पसरले आहेत. विभागणी केलीच नाही, तर दालनात शिरलेल्या किरणास १००० पडताळण्या पडतात. बरोबर मध्यावर विभागणी केल्यास प्रत्येक अर्ध्याचे पृष्ठफळ ६ होते, आणि अपेक्षित पडताळण्या १००० च्या ०.६ पट, म्हणजे ६०० होतात. त्रिकोणांची समसमान वाटणी करून ५००-५०० केले, तर दोन्ही भागांच्या पृष्ठफळांची बेरीज पुन्हा १२ च येते आणि उत्तरही ६०० च. शिल्पपट संपतो तेथेच, ०.२ एककावर, विभागणी केली तर लहान पेटीचे पृष्ठफळ २.८ व मोठीचे ९.२ होते, अपेक्षित पडताळण्या ०.२८ गुणिले ९०० अधिक ०.९२ गुणिले १००, म्हणजे ३४४. यंत्र तेच आणि दृश्यही तेच असताना एकाच पायरीवर ६०० चे ३४४ झाले. हा लाभ उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर होत जातो. शिल्पपटासारखा दाट भाग लवकर वेगळा काढावा आणि रिकाम्या जागेस मोठी पेटी द्यावी, असा या सूत्राचा सरळ अर्थ आहे.

या सूत्रामागील गृहीतक असे की किरण बाहेरून, सर्व दिशांनी सारखे आणि वाटेत न अडता येतात. लेण्यांच्या दालनात तसे घडत नाही. तेथे किरण आतच जन्मतात व आतच अडतात. तरीही व्यवहारात हे सूत्र चांगले चालते. त्याहून स्पष्टपणे श्रेष्ठ असा सर्वमान्य पर्याय अद्याप रूढ झालेला नाही.

हलणारी दृश्ये

स्थिर लेण्यासाठी उतरंड एकदा काळजीपूर्वक रचून ठेवता येते. दृश्य हलू लागले की अडचण सुरू होते, कारण रचनेचा वेळही त्याच फ्रेममध्ये मोजला जातो. त्रिकोण किंचितच हलले असतील, तर उतरंडीचा सांगाडा तसाच ठेवून खालून वर पेट्यांची केवळ मापे बदलली जातात. हे काम स्वस्त आहे, मात्र काही काळाने पेट्या फुगून एकमेकींत शिरतात व शोध मंदावतो.

पुन्हा रचना करणे भाग पडल्यास मॉर्टन क्रमांक उपयोगी पडतो. जी. एम. मॉर्टन यांनी भौगोलिक माहितीच्या साठवणीसाठी १९६६ मध्ये तो योजला होता. समजा एका त्रिकोणाच्या मध्याचे निर्देशांक ५, ३ व ६ आहेत. द्विमान पद्धतीत १०१, ०११ व ११०. प्रत्येकाचा पहिला अंक, मग दुसरा, मग तिसरा असे गुंफले असता १०१०११११०, म्हणजे ३५० हा क्रमांक मिळतो. अशा क्रमांकांनी त्रिकोण लावले की अवकाशात शेजारी असलेले त्रिकोण यादीतही बहुधा शेजारी येतात. उतरंड रचण्याचा अवघड प्रश्न अशा रीतीने क्रमवारी लावण्याच्या सोप्या प्रश्नात बदलतो, आणि क्रमवारी लावण्यात ग्राफिक्स प्रोसेसर तरबेज असतात. लाउटरबाख व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा मार्ग ग्राफिक्स प्रोसेसरवर आणला. तेरो कारास यांनी २०१२ मध्ये उतरंडीतील सर्व गाठी एकाच वेळी रचण्याची रीत दिली.

दुसरी सोय दुमजली उतरंडीची आहे. सिंहस्थात रामकुंडावर जमणारी गर्दी दाखवायची असून एका मनुष्याकृतीस ५०,००० त्रिकोण लागतात, असे मानू. १०,००० माणसांसाठी ५० कोटी त्रिकोण साठविणे व्यर्थ आहे. खालच्या मजल्यावर एकाच आकृतीची उतरंड ठेवावी. वरच्या मजल्यावर प्रत्येक माणसाची जागा व वळण सांगणाऱ्या १२ संख्या. प्रत्येक संख्येस ४ बाइट धरल्यास ही सर्व नोंद ४,८०,००० बाइटांत मावते. अर्थात प्रत्येकाची चाल व हातवारे वेगळे हवे असतील तर ही काटकसर फारशी टिकत नाही, आणि गर्दी कवायतीसारखी दिसू लागते ती याच कारणाने.

किरणांची शिस्त आणि यंत्रसामग्री

डोळ्यातून निघणारे शेजारचे किरण साधारण एकाच वाटेने जातात. जर्मनीतील सारलँड विद्यापीठात इंगो वाल्ड व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे किरण गटाने चालवून साध्या संगणकांवर परस्परसंवादी वेग गाठला. मात्र खडबडीत बेसाल्टवर आपटल्यावर हेच किरण चहूकडे पांगतात. ग्राफिक्स प्रोसेसर एका आदेशावर ३२ किंवा अशाच संख्येचे धागे एकत्र चालवितो. त्यांतील प्रत्येक किरण उतरंडीच्या वेगळ्या फांदीत शिरला, तर इतरांना थांबावे लागते आणि स्मृतीतून माहिती आणण्यात वेळ जातो. येथे अडथळा गणिताचा नसून वाहतुकीचा असतो, हे टिमो आयला व सामुली लाइने यांच्या २००९ मधील अभ्यासानंतर अधिक काटेकोरपणे तपासले जाऊ लागले.

एनव्हिडियाने २०१८ मध्ये ट्युरिंग रचनेत पेटी व त्रिकोण यांची पडताळणी करणारे स्वतंत्र घटक बसविले, आणि सेकंदाला १,००० कोटी किरणांचा दावा केला. वरील पडद्यासाठी भागाकार केल्यास पिक्सेलमागे सुमारे ८० किरण येतात. हा आकडा आदर्श स्थितीचा होय; पांगलेले किरण आणि पृष्ठभागाच्या रंगाची गणना धरता प्रत्यक्ष खेळांत पिक्सेलमागे एक-दोनच किरण परवडतात. २०२० पासून एएमडीच्या रचनेत व गेम कन्सोलांत, आणि २०२३ मध्ये ॲपलच्या एम३ चिपमध्येही असे घटक आले. सर्व घटक ज्या उतरंडीवर धावतात ती मात्र १९८० च्या दशकातीलच कल्पना आहे.

थोडे किरण आणि मुंबईतील संशोधन

पिक्सेलमागे थोडेच किरण मिळत असतील, तर ते कोठे खर्च करावेत हा पुढचा प्रश्न आहे. काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार एखाद्या बिंदूवरून येणारा प्रकाश हा इतर सर्व बिंदूंवरून तेथे आलेल्या प्रकाशावर अवलंबून असतो. हे संकलन नमुन्यांनी काढले जाते, आणि नमुने चौपट केल्यावर चित्रातील दाणेदारपणा केवळ निम्मा होतो. संख्येच्या बळावर हा सौदा परवडत नाही. नमुन्यांची निवड सुधारावी लागते.

या निवडीच्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. तो पदवीच्या वर्गात फारसा सांगितला जात नाही. मुंबईत जुहू येथे असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत सुमंत पट्टनायक व सुधीर मुदूर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी हा प्रश्न हाती घेतला. एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये उभी राहिलेली ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. १९९२ च्या त्यांच्या शोधनिबंधात प्रकाशास कण मानून, दिव्यापासून सुटलेला प्रत्येक कण पृष्ठभागावर शोषला जातो की परावर्तित होतो हे संभाव्यतेने ठरविले होते. त्यानंतर १९९३ मध्ये, आणि १९९५ मध्ये एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स या नियतकालिकात, त्यांनी प्रकाशाच्या समीकरणास जोडीचे समीकरण मांडले. एखाद्या ठिकाणाहून एखाद्या दिशेने निघालेला प्रकाश पाहणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या भागावर किती परिणाम करील, हे त्यातील राशी सांगते. या राशीस त्यांनी पोटेन्शियल म्हटले.

पांडवलेण्यांच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. डोंगरावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग विहारात शिरतच नाही. आंधळेपणाने कण सोडल्यास हजारांतील मोजकेच उपयोगी ठरतील. दर्शनी भागाकडे जाणाऱ्या दिशांचे पोटेन्शियल अधिक आहे हे आधी कळले, तर कण तिकडेच अधिक सोडता येतात. मात्र त्या प्रमाणात प्रत्येक कणाचे वजन घटवावे लागते, अन्यथा दालन वाजवीपेक्षा उजळ दिसेल. डोळ्याकडून व दिव्याकडून असा दुहेरी विचार लाफोर्ट्यून व विलेम्स यांनीही १९९३ मध्ये केला, आणि एरिक व्हीच यांच्या १९९७ च्या स्टॅनफर्ड येथील प्रबंधात त्यास व्यापक रूप मिळाले. पट्टनायक पुढे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात व मुदूर माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात गेले. मुंबईतील हे काम झाले तेव्हा सेकंदाला ६० फ्रेमचा विचारही कोणी करीत नव्हते. आज नमुन्यांचे मार्गदर्शन करणाऱ्या पद्धतींत तोच विचार वेगळ्या नावांनी भेटतो.

गोदावरीत सोडलेल्या दिव्यांचे दृश्य याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. हजारो दिव्यांपैकी घाटाच्या एका पायरीसाठी कोणत्या दिव्याकडे छायाकिरण पाठवावा? बिटर्ली व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दिलेली रेस्टिर पद्धत प्रत्येक पिक्सेलजवळ एकच दिवा लक्षात ठेवते. दिवे एकामागून एक पाहिले जातात. नव्या दिव्याचे अंदाजित वजन भागिले आतापर्यंतची एकूण बेरीज, एवढ्या संभाव्यतेने तो जुन्याची जागा घेतो. प्रत्येक पिक्सेलने ३२ दिवे पाहिले आणि पाच शेजाऱ्यांची टिपणे आपल्यात मिळविली, तर एका किरणामागे १९२ दिव्यांचा विचार होतो. मागील फ्रेमचे टिपण मिळविल्यास त्याहून अधिक. मूळ शोधनिबंधात ३४ लाख प्रकाशमान त्रिकोणांचे दृश्य पिक्सेलमागे जास्तीत जास्त ८ किरणांत, ५० मिलिसेकंदांच्या आत रंगविल्याची नोंद आहे. मात्र शेजाऱ्याला दिसणारा दिवा आपल्याला दिसेलच असे नाही. वजनांत ही दुरुस्ती केली नाही, तर चित्र खऱ्यापेक्षा काळवंडते.

नितळ चित्र आणि खरे चित्र

इतके करूनही दाणेदारपणा उरतो. तो पुसण्यासाठी मागील फ्रेम व शेजारचे पिक्सेल यांची सरासरी घेणारे गाळक वापरले जातात. २०१७ नंतर या तंत्राने वेग घेतला आणि त्यास यंत्रशिक्षणाची जोड मिळाली. खेळात याबद्दल तक्रार करण्याजोगे काही नाही. लेण्यांसारख्या वारशाच्या अभ्यासात मात्र सावधगिरी अनिवार्य ठरते. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील ब्राह्मी लेख आहे. अशा लेखाच्या त्रिमितीय नोंदीवर कलता प्रकाश टाकून झिजलेली अक्षरे वाचावयाची असतात, तेव्हा वाचन एखाद्या बारीक छायेवर अवलंबून असते. गाळक नेमकी तीच छाया पुसू शकतो. इतर चित्रांवर शिकलेले जाळे तेथे नसलेली कडही उमटवू शकते. वाचकाला दोन्ही गोष्टी कळत नाहीत, कारण चित्र नितळ दिसते.

यास्तव अशा कामासाठीच्या आज्ञावलीत गाळक बंद करण्याची सोय असणे आवश्यक आहे. कॅमेरा व दिवा स्थिर ठेवून प्रत्येक फ्रेमचा एकेक नमुना बेरजेत मिळवीत जावे. सेकंदाला ३० फ्रेम धरल्यास एका मिनिटात १८०० नमुने जमतात व दाणेदारपणा सुमारे ४२ पटींनी घटतो. खास घटक नसलेल्या महाविद्यालयीन संगणकावरही हे शक्य आहे. इंटेलने २०११ मध्ये खुली केलेली एम्ब्री ही आज्ञासंहिता साध्या प्रोसेसरवर हीच उतरंड चालविते, फक्त मिनिटाऐवजी बराच अधिक वेळ द्यावा लागतो. दिव्याची जागा बदलताच मात्र साठविलेली बेरीज टाकून पहिल्या नमुन्यापासून पुन्हा आरंभ करावा लागतो.